बेन-गुरियननी युरोपातल्या ज्यूंना वाऱ्यावर सोडलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डेव्हिड बेन-गुरियन १९३५ पासून ज्युइश एजन्सीच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष होते, म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंचे सर्वांत वरचे पुढारी. युरोपात साठ लाख ज्यू मारले जात असताना त्यांनी वाचवण्यासाठी काही केलं, की राज्य उभारायच्या नादात तिकडे पाठ फिरवली? आणि 'निम्मीच मुलं वाचली तरी चालतील' अशा अर्थाचं त्यांचं जे वाक्य सगळीकडे फिरतं, ते खरं आहे का?

वाक्य खरं आहे. पाठ फिरवली, हे खरं नाही. पण म्हणून त्यांच्या बाजूने निकाल लागला असंही समजू नका. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतोय आणि दर दोन-चार वर्षांनी माझं मत थोडं इकडेतिकडे सरकतं.

वर्गात मी मुलांना एक सवय लावतो. पुढाऱ्याचं कुठलंही वाक्य वहीत उतरवलं की शेजारी तारीख लिहायची. आणि तारखेशेजारी त्या दिवशी त्या माणसाच्या हातात नेमकं काय होतं ते लिहायचं: पैसा किती, जहाज होतं का, परवाने कोणाच्या सहीने निघत होते. ही सवय मला उशिरा लागली, हे कबूल करतो. 'निम्मी मुलं' हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं तारखेविना शिकवलं आणि वर्गात सन्नाटा पसरला की मनातल्या मनात खूश व्हायचो. एका मुलीने विचारलं, "सर, तेव्हा गॅस चेंबर होते का?" नव्हते. त्या दिवशी घरी येऊन पहिल्यापासून टिपणं काढायला बसलो.

तर ते वाक्य ७ डिसेंबर १९३८ चं. बेन-गुरियन आपल्या मापाय पक्षाच्या बैठकीत बोलत होते. महिन्याभरापूर्वी, ९-१० नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली होती. एजन्सीने मागणी केली, जर्मनीतली दहा हजार मुलं पॅलेस्टाइनमध्ये येऊ द्या. पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात. ब्रिटिश सरकार म्हणालं, तिकडे नाही, हवं तर इंग्लंडला येऊ देतो. त्यावर बेन-गुरियन म्हणाले, की सगळी मुलं इंग्लंडला नेऊन वाचतील, आणि इथे आणून निम्मीच वाचतील, असं मला ठाऊक असतं तरी मी दुसरा पर्याय घेतला असता. कारण हिशेब फक्त या मुलांचा नाही, सगळ्या ज्यू समाजाच्या इतिहासाचा आहे.

युद्ध सुरू व्हायला अजून नऊ महिने होते. 'वाचणं' म्हणजे तेव्हा छळातून, बेघरपणातून सुटणं. प्रत्यक्षात जवळपास दहा हजार मुलं इंग्लंडला पोचलीही, त्या गाड्या कोणी अडवल्या नाहीत. तारीख लिहिली की वाक्याचा अर्थ असा बदलतो. बदलत नाही तो त्यातला थंडपणा. बंद दाराआडच्या बैठकीत, रागाच्या भरात, इंग्रजांना टोला म्हणून बोललेलं असलं तरी या माणसाच्या डोक्यातली खातेवही कशी होती ते या वाक्यात दिसतं. एक पान जीव वाचवण्याचं आणि दुसरं राज्याचं, असं तिथे नव्हतं. दोन्हींची नोंद एकाच पानावर.

आता हातात काय होतं ते बघू. मे १९३९ मध्ये ब्रिटिशांनी श्वेतपत्रिका काढली: पुढच्या पाच वर्षांत पॅलेस्टाइनमध्ये फक्त ७५ हजार ज्यू येऊ शकतील, त्यानंतर अरबांच्या संमतीशिवाय एकही नाही. जमीनखरेदीवरही बंधनं आली. सप्टेंबरात युद्ध पेटल्यावर बेन-गुरियननी आपल्या धोरणाचं प्रसिद्ध सूत्र मांडलं: श्वेतपत्रिका नाहीच असं समजून हिटलरशी लढू आणि युद्ध नाहीच असं समजून श्वेतपत्रिकेशी लढू. सभेत टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण अमलात आणायला महाकठीण. ज्याच्या खांद्याला खांदा लावून लढायचं त्याच्याच पोलिसांना चुकवून रात्री किनाऱ्यावर माणसं उतरवायची, हे किती दिवस जमणार?

यिशुव, म्हणजे पॅलेस्टाइनमधला ज्यू समाज, तेव्हा जेमतेम पाच लाखांचा. ब्रिटिशांच्या अमलाखाली राहणारा. ना सैन्य, ना आरमार, ना परराष्ट्र खातं, ना स्वतःचं चलन. शत्रूच्या मुलखात पैसा पाठवणं युद्धकाळाच्या कायद्याने गुन्हा. बंदरं ब्रिटिशांची, बिनतारी यंत्रं ब्रिटिशांची, परवान्यावरचा शिक्काही ब्रिटिशांचा. आणि १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमध्ये अल अलामीनपर्यंत आला होता. सुएझ कालवा ओलांडून तो पुढे आला असता तर या पाच लाखांचं काय झालं असतं ते सांगायला नको. म्हणजे ज्या ब्रिटिशांनी दार बंद केलं होतं, तेच त्या दारावर पहाराही देत होते. 'तेव्हाच उठाव का केला नाही?' असं विचारणाऱ्यांना मी नकाशा उघडून दाखवतो.

दार बंद असणं म्हणजे काय, हे स्ट्रुमा या जहाजावरून कळतं. डिसेंबर १९४१ मध्ये रुमानियाच्या कोन्स्तान्त्सा बंदरातून साडेसातशेहून जास्त ज्यू घेऊन हे जहाज निघालं. इंजिन मोडकं. इस्तंबूलच्या बंदरात ते दहा आठवडे उभं राहिलं. ब्रिटिश पॅलेस्टाइनचे परवाने देईनात, म्हणून तुर्की सरकार माणसांना खाली उतरू देईना. किनारा डोळ्यांसमोर, आणि जहाजावरून पाय खाली ठेवायची सोय नाही. २३ फेब्रुवारी १९४२ ला तुर्कांनी ते ओढून काळ्या समुद्रात नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडालं. एक माणूस वाचला.

मग बातमी. 'त्यांना केव्हा कळलं?' हा प्रश्न जितका सोपा वाटतो तितका नाही, कारण कानावर येणं वेगळं आणि खरं वाटणं वेगळं. कत्तलींच्या बातम्या १९४१ पासून येत होत्या. पॅलेस्टाइनमधली हिब्रू वर्तमानपत्रंसुद्धा त्या आतल्या पानावर, शंका घेत छापत. ८ ऑगस्ट १९४२ ला जिनिव्हातून जागतिक ज्यू काँग्रेसचे प्रतिनिधी गेरहार्ट रीगनर यांनी तार केली, की युरोपातले सगळे ज्यू एकदमच संपवण्याची योजना हिटलरच्या गोटात आखली जात आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याने ती दाबून ठेवली. न्यूयॉर्कमधले ज्यू पुढारी स्टीफन वाइज यांना ती लंडनमार्गे मिळाली, तेव्हा खात्रीशीर माहिती येईपर्यंत गप्प राहा असं त्यांना सांगण्यात आलं. तीन महिने गेले.

बेन-गुरियन तेव्हा अमेरिकेत होते. मे १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलातल्या परिषदेत ज्यू राष्ट्राची उघड मागणी मंजूर करून घेणं हे त्यांचं त्या वर्षातलं मोठं काम. ऑक्टोबरात ते जेरुसलेमला परतले. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर माणसं आली: ६९ जण. पॅलेस्टाइनचं नागरिकत्व असलेले, युद्ध सुरू झालं तेव्हा पोलंडमध्ये वगैरे अडकलेले, बहुतेक बायका आणि मुलं. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जर्मन नागरिकांच्या बदल्यात जर्मनीने त्यांना सोडलं होतं. हैफाजवळच्या अथलीतच्या छावणीत एजन्सीची माणसं एकेकाशी बोलली. कुठल्या गावातून गाड्या कधी भरल्या, मागे कोण उरलं, कोण नाही. तार खोटी असू शकते, वर्तमानपत्र अतिशयोक्ती करू शकतं, पण समोर बसलेली शेजारीण सांगते तेव्हा पळवाट उरत नाही. २३ नोव्हेंबरला एजन्सीने अधिकृतपणे जाहीर केलं की हा पद्धतशीर संहार आहे. महिनाअखेरीस तीन दिवसांचा दुखवटा पाळला गेला. १७ डिसेंबरला दोस्त राष्ट्रांनी निषेधाचं निवेदन काढलं, ब्रिटिश संसदेत सदस्य उभे राहिले, स्तब्धता पाळली आणि खाली बसले.

इथून पुढचा दीड-पावणेदोन वर्षांचा काळ हा खरा परीक्षेचा.

जानेवारी १९४३ मध्ये बचाव समिती नेमली गेली. प्रमुख यित्झाक ग्रुएनबाउम, पोलंडच्या संसदेत ज्यूंसाठी गाजलेले जुने पुढारी. समितीत प्रत्येक पक्षाचा माणूस हवा, म्हणून ती फुगत गेली आणि फुगलेल्या समितीचं जे होतं तेच तिचं झालं. आपल्याकडच्या सर्वपक्षीय समित्या आठवा. याच ग्रुएनबाउमनी त्याच महिन्यात एका भाषणात, बचावासाठी बांधणीच्या निधीला हात लावू नका, झायनिझम (पॅलेस्टाइनमध्ये ज्यू राष्ट्र उभारायची चळवळ) सगळ्याच्या वर, अशा अर्थाचं सांगितलं. मला ज्यूद्वेष्टा म्हणतील, हेही वर. आजही ते वाचताना अंगावर काटा येतो.

बेन-गुरियन या समितीत स्वतः बसले नाहीत. त्यांच्यावरचा मोठा आक्षेप हाच, आणि मला तो रास्त वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की एजन्सीचं काम पॅलेस्टाइन. त्यांचे कैवारी सांगतात, समिती ही लोकांना दाखवायला होती. खरं काम त्यांनी, खजिनदार एलिएझर काप्लान आणि राजकीय विभागाचे मोशे शेर्तोक (पुढचे शारेत) यांनी गुपचूप, छोट्या वर्तुळात चालवलं. यातही तथ्य आहे, आणि याचे कागद उशिरा बाहेर आले. पण १९४३ च्या ऑक्टोबरात झायनिस्ट संघटनेचे अध्यक्ष खैम वाइझमन यांच्याशी असलेल्या भांडणापायी बेन-गुरियननी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि पुढचे काही महिने ते पदाबाहेर राहिले, हेही कागदावरच आहे. त्या वर्षी, त्या महिन्यांत, माणूस अशा कारणासाठी राजीनामा कसा देतो? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

गुपचूप कामाचं केंद्र इस्तंबूल होतं. तुर्कस्तान तटस्थ. तिथे एजन्सीचा अधिकृत माणूस खैम बार्लास, आणि त्याच्याभोवती व्हेन्या पोमेरान्त्स, मेनाखेम बादेर यांच्यासारखी किबुत्झमधली, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतींतली, तरुण मंडळी. त्यांचं काम म्हणजे टपाल: पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, जिथे जिथे कोणी जिवंत आहे तिथे पत्रं पाठवायची, उत्तराची वाट पाहायची. सेन्सॉरला चकवायला साध्या कौटुंबिक पत्रात हिब्रू शब्द माणसांच्या नावासारखे पेरलेले असत. 'हद्दपारी'साठीचा शब्द जणू एखाद्या काकाचं आडनाव. हे काका आमच्याकडे येऊन गेले, आता शेजारच्या गावी गेलेत. वाचणाऱ्या जर्मनाला वाटावं, पाहुण्यांची वर्दळ आहे. पैसा आणि पत्रं नेणारे जासूद कोण? चोरटा व्यापार करणारे, पैशासाठी काहीही करणारे, आणि काही चक्क जर्मन हेरखात्याचेही पगारी. हे इस्तंबूलच्या मंडळींना माहीत होतं. दुसरे जासूद होते कुठे?

याच वाटेने स्लोव्हाकियातून गिझी फ्लाइशमन या बाईंची पत्रं येत. त्यांच्या गटाने नाझी अधिकारी विस्लित्सेनीला लाच दिली होती. पुढे सगळ्या युरोपातल्या हद्दपाऱ्या थांबवायच्या तर वीस-तीस लाख डॉलर लागतील असं तो म्हणत होता. रुमानियाने ट्रान्सनिस्ट्रियात, म्हणजे युक्रेनमधल्या आपल्या ताब्यातल्या मुलखात, हाकललेल्या सत्तर हजार ज्यूंना पैसे घेऊन सोडायची तयारी दाखवली होती. या योजनांतलं खरं किती, सापळा किती, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. एजन्सीने दोन्हींत लक्ष घातलं. पैसे पाठवले, पण उशिरा आणि तुटपुंजे. आधी विश्वास बसेना, मग पैसा जमेना, मग ब्रिटिश-अमेरिकनांची परवानगी मिळेना. आणि त्याच १९४३ मध्ये नेगेवच्या वाळवंटात गेवुलोत, रेविविम आणि बेत एशेल या तीन नव्या चौक्या वसल्या. जमिनीचा पैसा थांबला नाही. त्या पैशाने ट्रान्सनिस्ट्रियातले लोक सुटलेच असते असं मी म्हणणार नाही. थांबवून पाहिला नाही, एवढं म्हणेन.

एप्रिलमध्ये वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, तरुणांनी हत्यार उचललं. त्याच महिन्यात बर्म्युडात ब्रिटन आणि अमेरिकेची निर्वासितांसाठी परिषद झाली आणि हात हलवत संपली. १२ मे ला लंडनमध्ये श्मुएल झिगेलबोइम या ज्यू पुढाऱ्याने आत्महत्या केली. तो पोलिश निर्वासित सरकारच्या राष्ट्रीय परिषदेत बुंड या समाजवादी, झायनिझमविरोधी पक्षाचा प्रतिनिधी होता. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने लिहिलं, की माझ्या लोकांचा संहार होत असताना जग जे निष्क्रिय बघत बसलंय, त्याचा निषेध माझ्या मरणाने करतो. बेन-गुरियनशी त्याची तुलना बरेच जण करतात. एक जीव देतो, दुसरा बैठका घेतो. मला ही तुलना अन्यायाची वाटते. पण वर्गात ती निघाली की मी थांबवत नाही.

जे जमलं त्यातलं एक सांगतो, कारण त्याची वाट आपल्या बाजूने गेली. १९४२ मध्ये सोव्हिएत रशियातून जनरल आंदेर्स यांचं पोलिश सैन्य इराणमध्ये आलं आणि त्याच्यासोबत हजारो पोलिश निर्वासित, अनाथ मुलं. या लोंढ्यातले सुमारे पाच हजार पोलिश पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले, ते आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. त्याच लोंढ्यात ज्यू मुलंही होती, सातशेहून अधिक, बहुतेकांचे आईबाप वाटेत गेलेले. एजन्सीने तेहरानबाहेर त्यांच्यासाठी तंबूंचं अनाथालय चालवलं. तिथून पॅलेस्टाइनला सरळ रस्ता इराकमधून. इराकने वाट नाकारली. मग जानेवारी १९४३ मध्ये मुलांना इराणच्या आखातातून बोटीने कराचीला आणलं, तिथून अरबी समुद्र आणि तांबडा समुद्र ओलांडून सुएझला, आणि पुढे रेल्वेने. १८ फेब्रुवारीला ती अथलीतला उतरली. वाटेतल्या स्टेशनांवर लोकांची गर्दी लोटली होती. आणि मग? ही मुलं धार्मिक शाळेत घालायची की निधर्मी, यावरून पक्षापक्षांत अशी जुंपली की वर्तमानपत्रं महिनोन्‌महिने भरून गेली. आईबाप गमावलेल्या मुलांची वाटणी चालली होती. यिशुवचं चांगलं-वाईट सगळं या एका प्रसंगात आलं.

त्याच वर्षी जुलैत ब्रिटिशांनी ठरवलं, की जो ज्यू स्वतःच्या बळावर तुर्कस्तानपर्यंत पोचेल त्याला पॅलेस्टाइनमध्ये घेऊ. श्वेतपत्रिकेच्या कोट्यातले तीसेक हजार परवाने तोवर शिल्लकच होते. म्हणजे परवाने होते, पण युरोपाबाहेर पडायची वाट नव्हती. आणि हा निर्णय गुप्त ठेवला गेला, लोकांना कळलं तर लोंढा येईल म्हणून.

आता एकच दिवस जवळून बघू या: रविवार, ११ जून १९४४.

मागची पार्श्वभूमी अशी. १९ मार्चला जर्मनीने हंगेरी ताब्यात घेतला. १५ मेपासून गाड्या पोलंडमधल्या ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे सुटू लागल्या. ९ जुलैपर्यंत, आठ आठवड्यांत, सुमारे ४ लाख ३७ हजार माणसं गेली. दरम्यान या हद्दपाऱ्या चालवणारा नाझी अधिकारी आइकमन याने बुडापेस्टच्या बचाव समितीतल्या योएल ब्रांटला बोलावून सौदा सांगितला: दहा लाख ज्यू देतो, दहा हजार ट्रक द्या. वर चहा, कॉफी, साबण. ट्रक फक्त रशियाविरुद्ध वापरू, अशी ग्वाहीही. १९ मे ला ब्रांट इस्तंबूलला उतरला. पोमेरान्त्स ही बातमी घेऊन २५ मे ला जेरुसलेमला आला आणि बेन-गुरियननी तातडीने कार्यकारिणी बोलावली. ग्रुएनबाउम म्हणाले, ही सैतानी चाल आहे. बेन-गुरियननी सौदा झिडकारू दिला नाही. खोटा असला तरी बोलणी लांबवायची, तेवढ्या वेळात काही जीव वाचतील, ही त्यांची भूमिका. दुसऱ्याच दिवशी ते आणि शेर्तोक ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमायकेल यांना भेटून सगळं सांगून आले. ब्रिटिशांना सांगितलं हीच घोडचूक, असं नंतर बरेच म्हणाले. पण ट्रक कोणाकडे होते? तुर्कस्तानातून ब्रांटला हलवणार कोण? लपवून काही होण्यासारखं नव्हतं.

११ जूनला शेर्तोक सीरियात हलबमध्ये (अलेप्पोत) ब्रांटसमोर बसले होते. ब्रांटला ब्रिटिशांनी वाटेतच अटक केली होती, त्यामुळे खोलीत ब्रिटिश अधिकारीही होते. ब्रांट तासन्‌तास सांगत होता, की तिकडे रोज बारा हजार माणसं जात आहेत, मी परत गेलो नाही तर माझ्या घरच्यांचं आणि इतरांचंही काही खरं नाही. ब्रिटिशांनी त्याला परत जाऊ दिलं नाही, कैरोला नेलं.

आणि त्याच ११ जूनला जेरुसलेममध्ये, बेन-गुरियन यांच्या अध्यक्षतेखाली, कार्यकारिणीची बैठक. ग्रुएनबाउमनी सांगितलं, की मी अमेरिकन वाणिज्य दूताला छावण्यांवर बॉम्ब टाकायची विनंती केली आहे. त्याने विचारलं होतं, यात ज्यूच मरणार नाहीत का? बैठकीत एकेक सदस्य विरोधात बोलला. बेन-गुरियन म्हणाले, पोलंडमधली खरी परिस्थिती आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा या बाबतीत आपण काही सुचवू शकत नाही. निष्कर्ष नोंदला गेला: ज्यू जिथे आहेत तिथे बॉम्ब टाका असं दोस्तांना सुचवायचं नाही.

इतिवृत्तातलं हे पान वाचताना तारखेची सवय उपयोगी पडते, आणि ती जड जाते. रुडॉल्फ व्रबा आणि आल्फ्रेड वेट्झलर हे दोघे एप्रिलमध्ये ऑशविट्झमधून निसटले होते आणि छावणीत काय चालतं ते त्यांनी तपशीलवार लिहून दिलं होतं. पण तो अहवाल जेरुसलेमपर्यंत पोचला नव्हता. ऑशविट्झ म्हणजे प्रामुख्याने मजुरांची छावणी, अशीच तिथली समजूत होती. हे खरं. पण ग्रुएनबाउम, ज्यांना मी वर झोडपलं, तेच त्या दिवशी बरोबर होते, आणि बेन-गुरियन चुकीचे. 'ठाऊक नाही' हे डिसेंबर १९४२ मध्ये ठीक होतं. जून १९४४ मध्ये, चौदा-पंधराशे मैलांवर गाड्या चालू असताना, ज्याने सगळ्यात जास्त माहिती गोळा करायला हवी होती त्याने 'ठाऊक नाही' म्हणावं?

अहवाल जूनअखेर हाती येताच भूमिका पालटली. ६ जुलैला लंडनमध्ये वाइझमन आणि शेर्तोक यांनी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन यांच्याकडे रेल्वेमार्ग आणि छावणीवर बॉम्ब टाकायची मागणी केली. चर्चिलनी ईडनना लिहिलं, हवाई दलाकडून जे काढता येईल ते काढा, माझं नाव सांगा. हवाई खात्याने टाळलं आणि १ सप्टेंबरला वाइझमनना नकाराचं पत्र गेलं. अमेरिकेच्या युद्ध खात्यानेही नाहीच म्हटलं. त्याआधीच, २० ऑगस्टला, अमेरिकन विमानांनी ऑशविट्झच्या शेजारचा, काही किलोमीटरवरचा मोनोविट्झचा कारखाना बॉम्बने उडवला होता. ११ जूनलाच जेरुसलेमने मागणी केली असती तरी हेच उत्तर आलं असतं, असं मला वाटतं. मागणी न करण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

ब्रांटचा सौदा १९-२० जुलैला लंडनच्या रेडिओ-वर्तमानपत्रांत फुटला आणि संपला. त्याच जुलैत बेन-गुरियन एका सभेत दोस्त राष्ट्रांवर बरसले: आमच्या जागी रोज हजारो इंग्रज, अमेरिकन, रशियन बायका-मुलं जाळली जात असती, तर तुम्ही असेच वागला असता का? त्यांच्या तोंडून इतकं उघडं दुःख फार वेळा बाहेर पडलेलं नाही.

इस्रायलमध्ये हा वाद नुसता इतिहासाचा राहिलेला नाही. ब्रांटचे सहकारी कास्टनर यांनी आइकमनशी बोलून १,६८४ जणांची एक गाडी सोडवली होती. त्यावरून १९५० च्या दशकात खटला झाला, न्यायाधीशांनी १९५५ मध्ये 'सैतानाला आत्मा विकला' असा शेरा मारला, मार्च १९५७ मध्ये कास्टनरवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ते गेल्यावर, १९५८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बहुतांश ठपका पुसला. कास्टनर मापायचे, म्हणजे बेन-गुरियन यांच्या पक्षाचे. तेव्हापासून 'मापायने ज्यूंना मरू दिलं' हे विरोधकांचं हत्यार झालं आणि 'आम्ही हतबल होतो' ही मापायची ढाल. तुम्ही इंटरनेटवर जे वाचता त्यातलं पुष्कळसं या भांडणातून गळलेलं असतं. वाचताना लिहिणाऱ्याचा पक्ष बघत जा.

माझं आजचं मत विचाराल तर: त्यांना काळजी नव्हती, हा आरोप कागदांपुढे टिकत नाही. त्यांच्या हातात फार थोडं होतं, हेही खरं. पण जे थोडं होतं, त्यातही त्यांचं मन पूर्ण नव्हतं. युरोपचे ज्यू संपले तर देश बांधायला उरणार कोण, ही भीती ते बोलून दाखवत. मेलेल्यांत त्यांना आधी हरवलेले नागरिक दिसत. ज्या माणसाला मोठं तेच दिसतं, त्याला इस्तंबूलच्या एका पत्राची निकड जाणवायला वेळ लागतो. त्याच डोळ्यांनी त्यांनी चार वर्षांनी राज्य उभं केलं, म्हणून दोष कमी होतो का, ते तुम्ही ठरवा.

८ मे १९४५ ला युरोपात युद्ध संपलं तेव्हा ते लंडनमध्ये होते. बाहेर रस्त्यांवर लोक नाचत होते. त्या दिवशीच्या डायरीत त्यांनी एवढंच लिहिलं: विजयाचा दिवस. दुःखी, फार दुःखी. आठ आठवड्यांच्या आत, रविवार १ जुलैला, ते न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ सोनेबोर्न या उद्योगपतीच्या घरी दीड-एक डझन श्रीमंत अमेरिकन ज्यूंसमोर बसले होते. ब्रिटिश जाणार, मग अरब देशांशी युद्ध होणार, त्यासाठी शस्त्रं लागतील आणि शस्त्रांना पैसा लागेल, असं त्यांना समजावून सांगत होते. या वेळी पैसा वेळेवर जमला.